कृपेच्या वर्षातले बंदिवान

यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाची गुंडाळी केवढी असते? १९४७ साली मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहेत जी जुनी प्रत सापडली, ती चामड्याचे सतरा तुकडे एकमेकांना शिवून केलेली आहे आणि तिची लांबी सव्वासात मीटरहून थोडी जास्त भरते. येशूच्या जन्माआधी शंभरेक वर्षं लिहिलेली ती प्रत. येशूने नासरेथच्या सभास्थानात, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनास्थळात, वाचलेली गुंडाळी अगदी तशीच असेल असं नाही, पण पुस्तक तेच, मजकूर तेवढाच लांब. आणि त्या शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी, येशूने उभं राहून ज्या ओळी वाचल्या, त्या पार शेवटाकडे येतात. तेव्हा अध्यायांना आकडे नव्हते. एका हाताने उलगडत आणि दुसऱ्या हाताने गुंडाळत तिथवर जावं लागणार. शुभवर्तमान लिहिणारा लूक एवढंच सांगतो की त्याने ते स्थळ काढलं आणि वाचलं. मी असं मानते की तो उतारा सहज समोर आला म्हणून वाचलेला नाही. तो शोधून काढलेला आहे. सेवाकार्याच्या आरंभी, ज्या गावात वाढला त्या गावात, आपण कशासाठी आलो आहोत हे सांगायला त्याने हीच जागा निवडली.

प्रभूचा आत्मा माझ्यावर आहे, दीनांना सुवार्ता सांगायला त्याने मला अभिषेक केला आहे. धरून नेलेल्यांना सुटका, आंधळ्यांना दृष्टी, ठेचलेल्यांना मोकळीक, आणि प्रभूच्या कृपेच्या वर्षाची घोषणा. यशयाच्या उताऱ्यात या कामांच्या जोडीला आणखी एक काम आहे, भग्नहृदयी जनांना पट्टी बांधण्याचं. वाचता वाचता येशू मध्येच थांबला. यशयाच्या पुढच्याच शब्दांत देवाच्या सूड घेण्याच्या दिवसाचा उल्लेख आहे. तिथवर तो गेला नाही. गुंडाळी बंद केली, सेवकाच्या हाती दिली आणि खाली बसला. शिकवणाऱ्याने बसूनच शिकवायचं, ही तिथली रीत. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर खिळलेले. मग तो म्हणाला की हा शास्त्रलेख आज तुमच्या कानांवर पडत असतानाच पूर्ण झाला आहे.

कृपेचं वर्ष म्हटल्यावर ऐकणाऱ्यांना योबेलाचं वर्ष आठवलं असणार. जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात त्याचे नियम आहेत. सात वेळा सात वर्षं सरली की पन्नासावं वर्ष पवित्र मानायचं, प्रायश्चित्ताच्या दिवशी देशभर शिंग फुंकायचं आणि सुटकेची घोषणा करायची. गरिबीमुळे ज्याने वाडवडिलांची जमीन विकली, त्याला ती परत मिळते. कंगाल होऊन ज्याने स्वतःला विकलं, तो मुलाबाळांसह मोकळा होऊन आपल्या कुळाकडे जातो. हे नियम वाचताना दर वेळी मी एका गोष्टीपाशी थबकते. घरी परतणाऱ्या त्या माणसाने काहीही फेडलेलं नसतं. तो दुष्काळाने बुडाला की स्वतःच्या करणीने, याची चौकशी कुणी करत नाही. पुढे नीट वागेन असं त्याच्याकडून लिहूनही घेतलं जात नाही. वर्ष उजाडलं, शिंग वाजलं, एवढ्यावर तो निघतो.

डोंगरावरच्या प्रवचनाचं पहिलंच वाक्य मला या शिंगाच्या आवाजासारखं ऐकू येतं. जे आत्म्याने दीन ते धन्य, कारण स्वर्गाचं राज्य त्यांचं आहे. या वाक्यावर मी आजवर पुष्कळ संदेश ऐकले. बहुतेकांत दीनता हा एक सद्गुण म्हणून समोर आला: नम्र व्हा, अहंकार सोडा, मग देव आशीर्वाद देईल. नम्रता चांगलीच आहे, त्यात वाद नाही. पण दीनता कमवायची असं एकदा ठरलं की ज्याला ती कमवता येत नाही तो पुन्हा बाहेरच राहतो. आणि ज्याला कमवता आली, त्याच्यापाशी मिरवण्यासारखं काहीतरी जमा होतं. मग तो दीन कुठला? आत्म्याने दीन म्हणजे ज्याच्यापाशी देवाला दाखवायला काही उरलेलं नाही असा माणूस. प्रार्थना करायला बसतो आणि शब्द फुटत नाहीत. विश्वास आहे का, असं कुणी विचारलं तर हो म्हणायचीही ताकद नाही. येशू राज्य त्याच्या नावावर करतो. त्या पहिल्या वाक्यात भविष्यकाळ नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. शोक करणाऱ्यांचं सांत्वन पुढे केलं जाईल, सौम्य लोकांना पृथ्वीचं वतन पुढे मिळेल, पण दीनांचं राज्य आत्ताच त्यांचं आहे.

मंदिरात प्रार्थनेला गेलेल्या जकातदाराचा, म्हणजे लोकांना लुबाडतो म्हणून बदनाम असलेल्या कर गोळा करणाऱ्याचा, दाखला याच अंगाने वाचून बघावा. परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथातला माणूस, आपला हिशोब देतो: आठवड्यातून दोनदा उपास, सगळ्या मिळकतीचा दशमांश. त्यातलं काही खोटं आहे असं येशू म्हणत नाही. जकातदार दूर उभा राहतो, वर बघायचंही धैर्य त्याला होत नाही, आणि छाती बडवत दयेची एक ओळ म्हणतो. उद्यापासून नोकरी सोडतो किंवा लुबाडलेलं परत करतो, यांतलं काहीही तो बोलत नाही. तरी नीतिमान ठरून घरी जातो तो तोच. पुढच्याच अध्यायात यरीहोचा जक्कय भेटतो, तोही जकातदारच. तो अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायला आणि फसवून घेतलेलं चौपट परत करायला तयार होतो, पण ते कधी? तो चढून बसला होता त्या झाडाखाली येशूने थांबून त्याला नावाने हाक मारली आणि आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे असं म्हटलं, त्यानंतर. दोन्ही गोष्टी लूकने इतक्या जवळ ठेवल्या आहेत. आपण मात्र जक्कयच्या देण्याविषयी बोलतो आणि क्रम विसरतो.

यशयाचे ते शब्द मुळात ज्यांच्यासाठी आले, त्यांची अवस्था काय होती? इसवी सनापूर्वी ५८६ मध्ये बाबेलच्या सैन्याने यरुशलेम पाडलं, मंदिर जाळलं, माणसं धरून नेली. पुढे पारसचा राजा कोरेश याच्या काळात परतायची मोकळीक मिळाली आणि काही जण परतले. समोर काय होतं? पडक्या भिंती. सुटका झाली होती, पण जिथे परतायचं ते घरच राहिलेलं नव्हतं. सीयोनेत, म्हणजे यरुशलेमात, शोक करणाऱ्या अशा लोकांना राखेच्या जागी शिरोभूषण आणि खिन्न आत्म्याच्या जागी स्तुतीचं वस्त्र मिळेल, असं तिथे म्हटलं आहे. मन मोडलेल्या माणसाला पट्टी बांधायची तर त्याच्या अगदी जवळ जावं लागतं, जखम उघडी करून बघावी लागते, आणि तो कण्हला तरी हात मागे घेता येत नाही.

माझे वडील गेले त्यानंतरच्या काळात घरी येणाऱ्यांनी वचनं पुष्कळ आणली. देव जे करतो ते भल्यासाठीच. ते आता प्रभूच्या घरी आहेत, रडू नये. त्यांतलं काही मी आजही खरं मानते. पण तेव्हा ते कानांवरून नुसतं जायचं. मंडळीतल्या एक आजी आल्या, माझ्या शेजारी बसल्या आणि बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारलं, "ते शेवटी काय म्हणाले गं तुला?" मी सांगायला लागले आणि सांगतच राहिले. त्या मधे एकदाही बोलल्या नाहीत. आजवर इतकी प्रवचनं ऐकली, पण भग्नहृदयी माणसाच्या जवळ असणं म्हणजे काय ते मला त्या दुपारी कळलं.

म्हणूनच असेल, मार्कच्या शुभवर्तमानातल्या पाचव्या अध्यायातली ती बारा वर्षं रक्तस्रावाने पिडलेली स्त्री मला फार जवळची वाटते. मार्क तिची हकिगत थोड्या शब्दांत आणि निर्भीडपणे सांगतो. पुष्कळ वैद्यांच्या हातून तिने पुष्कळ हाल सोसले, जवळचं सगळं खर्चून टाकलं, आणि बरं वाटायच्या ऐवजी दुखणं वाढतच गेलं. नियमशास्त्राप्रमाणे ती बारा वर्षं अशुद्ध. तिचा स्पर्श झाला तो अशुद्ध, ती बसली ती जागा अशुद्ध. म्हणजे दुखण्याच्या जोडीला बारा वर्षांचं एकटेपण. गर्दीतून मागून येऊन ती त्याच्या वस्त्राला शिवते आणि बरी होते. गोष्ट इथेच संपली असती तरी चमत्कार पूर्णच होता. तिला हवं ते मिळालं होतं, आणि आली तशी गुपचूप निघून जायची तिची तयारी होती.

येशू थांबतो. माझ्या वस्त्राला कोण शिवलं? शिष्य वैतागतात, एवढी गर्दी रेटते आहे आणि कोण शिवलं म्हणून काय विचारता? शिवाय त्याच वेळी याईर नावाचा सभास्थानाचा अधिकारी शेजारी उभा आहे. त्याची मुलगी मरणाच्या दारात आहे, ती बारा वर्षांची आहे, येशू तिच्याकडेच निघाला आहे. एकेक क्षण मोलाचा. तरी येशू सभोवार बघत राहतो. ती थरथरत पुढे येते, पाया पडते आणि मार्कच्या शब्दांत त्याला सगळं खरं खरं सांगते. सगळं म्हणजे किती? बारा वर्षांचं. याईर तळमळत उभा असताना येशू ते पुरतं ऐकून घेतो. मग तिला मुली म्हणून हाक मारतो. शुभवर्तमानांत दुसऱ्या कुठल्याही स्त्रीला त्याने अशी हाक मारलेली नाही. शरीर तर स्पर्शानेच बरं झालं होतं. पण बारा वर्षं जिला कुणी जवळ येऊ दिलं नाही, तिला चारचौघांत, सभास्थानाच्या अधिकाऱ्यासमोर, कुणीतरी आपली म्हणायला हवं होतं. ते व्हावं म्हणून तो थांबला, असं मला मनापासून वाटतं. याईरच्या मुलीलाही त्याने उठवलंच. दुःखाच्या रांगेत एकाला वेळ दिला म्हणजे दुसऱ्याचं काढून घेतलं, असं त्याच्यापाशी होत नाही.

आता पुन्हा नासरेथला यायला हवं, कारण तिथलं भाषण अर्ध्यावरच सोडलं आहे. आधी लोकांना कौतुक वाटलं, हा योसेफाचाच मुलगा ना? मग येशूने दोन जुन्या गोष्टी काढल्या. एलीया संदेष्ट्याच्या काळात साडेतीन वर्षं पाऊस पडला नाही, तेव्हा इस्राएलात विधवा पुष्कळ होत्या, पण एलीयाला पाठवलं गेलं ते सीदोन प्रांतातल्या सारफथच्या विधवेकडे. अलीशा संदेष्ट्याच्या काळात इस्राएलात कुष्ठरोगी पुष्कळ होते, पण शुद्ध झाला तो सूरियाचा नामान. दोघंही परके. हे ऐकताच सभास्थान संतापाने पेटलं आणि लोकांनी त्याला गावाबाहेर काढून डोंगराच्या कड्यापर्यंत नेलं, खाली लोटून द्यायला. सुवार्ता दीनांसाठी आहे हे ऐकताना माना डोलत होत्या. आपल्या ओळखीचे नसलेले, आपल्याला नकोसे असलेले दीनही त्यात आहेत म्हटल्यावर तीच माणसं उठली. हे आजही होतं. मंडळ्यांमधून होतं. त्यावर फार लिहीत नाही, ज्याने त्याने आपल्या बाकाकडे बघावं.

त्या दोन परक्यांकडे मात्र नीट बघायला हवं. सारफथच्या विधवेपाशी मूठभर पीठ आणि थोडंसं तेल आहे. ते खाऊन आपण मायलेक मरू, असं तिने ठरवून टाकलं आहे. नामान अगदी उलट टोकाला आहे. तो सूरियाच्या राजाचा सेनापती, बरोबर दहा किक्कार चांदी, म्हणजे आजच्या मापाने तीनशे किलोहून जास्त, शिवाय सहा हजार शेकेल सोनं, दहा पोशाख आणि राजाचं पत्र. बरं होणं विकत घ्यायलाच तो निघाला आहे. अलीशा त्याला भेटायला दाराबाहेरसुद्धा येत नाही. निरोप पाठवतो, यार्देनेत सात वेळा बुडी मार. नामान भडकतो. आमच्या दिमिष्काच्या (दमास्कसच्या) नद्या काय वाईट आहेत? शेवटी चाकरांचं ऐकून उतरतो आणि बरा होतो. आणलेल्यातलं अलीशा काही घेत नाही. विधवा रितीच होती. नामानाला मात्र तिथवर येऊन रितं व्हावं लागलं, आणि ते त्याला किती जड गेलं!

पण नामानाला ही वाट दाखवली कुणी? सूरी टोळ्यांनी इस्राएलातून धरून नेलेल्या एका लहान मुलीने. ती त्याच्या बायकोची दासी होती. माझा धनी शोमरोनातल्या संदेष्ट्याकडे गेला तर किती बरं होईल, एवढंच ती म्हणाली. आईबापांपासून तोडलेली, परक्या घरात राबणारी पोर, आणि ज्याच्या घरात ती कैद होती त्याचं भलं चिंतत होती. तिचं नाव दिलेलं नाही. पुढे तिला घरी पाठवलं का? एक अक्षरही नाही. नामान बरा होऊन परतला, देवाची स्तुती करत परतला, आणि ती मुलगी गोष्टीतून नाहीशी झाली. धरून नेलेल्यांना सुटकेची घोषणा करणाऱ्या येशूने त्याच भाषणात नामानाचं नाव घेतलं, तेव्हा त्याच्या मनात ही मुलगी असेलच. मला तिचा विसर पडत नाही.

आणि योहानाचाही. बाप्तिस्मा करणारा योहान म्हणजे येशूचा नातलग, त्याची वाट तयार करणारा. गालीलवर राज्य करणाऱ्या हेरोदाने भावाची बायको ठेवली, त्यावर तो स्पष्ट बोलला म्हणून तुरुंगात पडला. योसेफस हा इतिहासकार तो तुरुंग मृत समुद्राच्या पूर्वेला मखेरसच्या किल्ल्यात होता असं लिहितो. तिथून योहानाने आपल्या शिष्यांना येशूकडे पाठवलं: जो येणार तो आपणच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? ज्याने यार्देनेकाठी हाच तो म्हणून बोट दाखवलं होतं, त्याचा हा प्रश्न. अंधाऱ्या कोठडीत माणूस असे प्रश्न विचारतो. येशूने त्यावर रागावून एक शब्दही काढला नाही. तुम्ही जे पाहिलं आणि ऐकलं ते योहानाला जाऊन सांगा, असं तो म्हणाला. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, कुष्ठरोगी शुद्ध होतात, बहिरे ऐकतात, मेलेले उठवले जातात, दीनांना सुवार्ता सांगितली जाते.

नासरेथमध्ये वाचलेल्या ओळींशी हे ताडून बघितलं की एक गोष्ट दिसते. बंदिवानांची सुटका या निरोपात नाही. ती एकच ओळ कोठडीतला माणूस ऐकायला आसुसलेला असणार, आणि नेमकी तीच नाही. त्या जागी वेगळंच वाक्य आहे, जो माझ्याविषयी अडखळत नाही तो धन्य. मला हे वाक्य सोपं करून सांगता येत नाही आणि तसं करायची इच्छाही नाही.

माझ्या ओळखीत एक जण वर्षानुवर्षं खिन्नतेच्या आजाराशी झगडतो आहे. तो विश्वासू माणूस आहे. औषधं घेतो, डॉक्टरांकडे जातो, प्रार्थनाही करतो. तुझा विश्वास कमी पडतो म्हणून तू बरा होत नाहीस, असं त्याला तोंडावर सांगणारी माणसं भेटली आहेत. हे क्रूर आहे, आणि शास्त्राला धरूनही नाही. योहानाचे शिष्य निरोप घेऊन निघाले न निघाले तोच येशू लोकांकडे वळून म्हणाला की स्त्रियांपासून जन्मलेल्यांत योहानापेक्षा मोठा कुणी नाही. शंका विचारल्यावर, आणि तो तुरुंगातच असताना, त्याने हे म्हटलं. हा भाग मी त्या मित्राला वाचून दाखवला तेव्हा तो काही बोलला नाही. पुढच्या वेळी भेटलो तेव्हा त्यानेच विषय काढला. म्हणाला, "योहानाला उत्तर मिळालं नाही, पण निरोप मिळाला." मी यावर काय भर घालणार?

योहान सुटला नाही. हेरोदाच्या वाढदिवसाच्या मेजवानीत त्याचं शिर तबकात घालून आणलं गेलं. शिष्यांनी धड नेऊन पुरलं आणि येऊन येशूला सांगितलं. मत्तयच्या चौदाव्या अध्यायात आहे की हे ऐकून येशू तारवात बसून एकांतात, अरण्याकडे निघून गेला. ज्याला पुढे स्वतःलाच धरून, बांधून नेलं जाणार होतं, त्याला या बातमीने काय झालं असेल हे मत्तय सांगत नाही. तो एकटा राहू बघत होता, एवढं दिसतं. पण गावोगावच्या लोकांना ते कळलं आणि ते पायी त्याच्या मागे गेले. तो बाहेर आला तर समोर हा मोठा समुदाय. त्याला त्यांचा कळवळा आला आणि त्याने त्यांच्यातल्या दुखणाइतांना बरं केलं. कोवळा घाव घेऊन तो दिवसभर लोकांच्या घावांपाशी बसला. संध्याकाळ झाली तेव्हा शिष्य म्हणाले, जागा निर्जन आहे, वेळही होऊन गेली, यांना आता गावांत पाठवून द्या, जाऊन आपापलं खायला विकत घेऊ देत. शिष्यांचं बोलणं व्यवहाराचंच होतं, आणि तोही दमलेला असणार. तो म्हणाला, त्यांना जायची गरज नाही, तुम्हीच त्यांना खायला द्या.